आर्किटेक्टच्या ऑफिसातले कागद कुठे द्यायचे, कसे द्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा मुलं, सुना, जावई किंवा जुने भागीदार विचारतात, आणि बहुतेक वेळा उशिरा विचारतात. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असते, टेम्पो ठरलेला असतो आणि पोटमाळ्यावर नकाशांचे तीनशे रोल पडलेले असतात. उत्तरं लिहिताना महाराष्ट्रातली आणि गोव्यातली ऑफिसं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. कायद्याचा भाग मात्र देशभर सारखाच लागू आहे.

महिनाअखेरीस ऑफिस रिकामं करायचं आहे. सगळ्यात आधी काय करू?

आवराआवर करू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होतं, आणि ते करणारी माणसं मनाने चांगली असतात. कुणीतरी पत्रं एका बाजूला लावतं, नकाशे दुसऱ्या, फोटो तिसऱ्या. एका कामाचे हे तीन भाग एकदा वेगळे झाले की ते पुन्हा जुळवायला अभ्यासकाला महिने लागतात. ऑफिसात जी फाइल ज्या रोलशेजारी होती, ती तिथे का होती हे तुम्हाला माहीत नसलं तरी कुणाला तरी माहीत होतं.

म्हणून आधी मोबाइल काढा. प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक कप्प्याचा आणि रोलच्या टोकाला लावलेल्या चिठ्ठ्यांचा फोटो घ्या. कपाटांना अ, ब, क अशी अक्षरं द्या, कप्प्यांना आकडे द्या, आणि खोक्यावर तेच लिहा: ‘ब-३’. खोकी भरताना क्रम मोडू नका. रद्दीवाल्याला शेवटच्या दिवशीसुद्धा आत घेऊ नका. त्याला द्यायचं ते तुम्ही बाहेर आणून द्या.

तात्पुरती जागा निवडताना तळमजला आणि गच्चीखालचा वरचा मजला, दोन्ही टाळा. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या दप्तरांचं काय झालं हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, आणि गच्चीखालची खोली मे महिन्यात भट्टी असते आणि जुलैत गळते. मधल्या मजल्यावरची, बाथरूमच्या भिंतीला न लागलेली खोली चालेल. खोकी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

बाबा काही चार्ल्स कोरिया किंवा बाळकृष्ण दोशींसारखे नावाजलेले आर्किटेक्ट नव्हते. त्यांचे कागद कुणाला हवे असणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं खरं उत्तर असं की नाव मोठं असणं हा एक निकष आहे, पण संग्रह पूर्ण असणं हा त्याहून मोठा निकष आहे. एखाद्या माणसाने सोलापुरात किंवा पणजीत चाळीस वर्षं काम केलं, सहकारी गृहरचना संस्था, साखर कारखान्यांच्या कॉलन्या, शाळा, नाट्यगृहं, दवाखाने बांधले, आणि ड्रॉइंग रजिस्टरसकट (कोणतं ड्रॉइंग कोणत्या कामाचं याची वही) सगळं शाबूत असेल, तर त्या शहराचा अर्ध्या शतकाचा इतिहास त्या कपाटांत आहे. प्रसिद्ध आर्किटेक्टच्या पाच फ्रेम केलेल्या स्केचेसपेक्षा अभ्यासकाला हा गठ्ठा जास्त उपयोगी पडतो.

दुसरं कारण अधिक रोखठोक आहे. इमारती टिकत नाहीत. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स १९७२ साली उभं राहिलं. आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं. रेवाल कोर्टात गेले, पण २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की मालकाला आपली इमारत पाडायचा हक्क आहे आणि आर्किटेक्टचा नैतिक हक्क त्याच्या आड येत नाही. आज ती वास्तू नकाशांत, मॉडेलांत आणि फोटोंत आहे. ही झाली गाजलेली इमारत. मुंबई-पुण्यात सत्तरच्या दशकातल्या चार मजली सोसायट्या रोज पडतायत, त्यांच्यासाठी कोर्टात कोण जाणार? त्यांचा मूळ नकाशा तुमच्याच पोटमाळ्यावर असण्याची शक्यता चांगलीच आहे.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

टाकण्याचा निर्णय शक्यतो संस्थेच्या माणसासमोर घ्या. तरीही जागेची अडचण असतेच, म्हणून अंदाज देतो.

डोळे मिटून ठेवायचं ते ड्रॉइंग रजिस्टर आणि जॉब नंबरांची, म्हणजे कामांच्या क्रमांकांची वही. तीनशे रोल आणि एक वही यांतून एकच वाचवायचं असेल तर मी आधी वही उचलीन, कारण तिच्याशिवाय रोल म्हणजे नुसते रोल. मग बटर पेपरवरची, म्हणजे पातळ अर्धपारदर्शक कागदावरची कच्ची रेखाटनं. पक्क्या ड्रॉइंगमध्ये ठरलेलं दिसतं, बटर पेपरवर काय ठरत होतं ते दिसतं. मूळ ट्रेसिंग (ज्यावरून प्रती काढतात ती ड्रॉइंग), मंजुरीचे शिक्के असलेले नकाशे, क्लायंटशी आणि ठेकेदाराशी झालेला पत्रव्यवहार, साइट व्हिजिटच्या नोंदी, टेंडर, बांधकाम चालू असतानाचे फोटो, स्पर्धांसाठी केलेली आणि नाकारली गेलेली कामं. नाकारलेली कामं आवर्जून ठेवा. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

टाकता येण्यासारखं: एकाच ड्रॉइंगच्या सहा अमोनिया प्रिंटांपैकी, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रतींपैकी पाच, पण आधी प्रत्येकीवर नजर टाका, कारण साइटवरून परत आलेल्या प्रिंटवर लाल पेन्सिलने केलेला बदल मूळ ट्रेसिंगवर नसतो. विजेची बिलं, पगारपत्रकं, जुन्या मासिकांचे अंक. टाइल्स आणि सॅनिटरीच्या कंपन्यांचे कॅटलॉग बहुतेक जण टाकतात. साठ-सत्तरच्या दशकातले असतील तर एकदा विचारून बघा, कारण त्या काळी बाजारात काय मिळत होतं हे सांगणारं दुसरं काही उरलेलं नाही.

ट्रेसिंगच्या उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक एकदा नीट वाचा. जॉबचं नाव, स्केल, तारीख, खाली ‘ड्रॉन बाय’ समोर दोन आद्याक्षरं, ‘चेक्ड बाय’ समोर दुसरी दोन, वर रिव्हिजनच्या ओळी: ए, बी, सी, आणि प्रत्येकीपुढे तारीख आणि ‘जिना सरकवला’ छापाचं एक वाक्य. त्या आद्याक्षरांची माणसं कोण, हे सांगू शकणारा ड्राफ्ट्समन हयात असेल तर त्याला आत्ताच फोन करा.

या कागदांची मालकी नेमकी कुणाची?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: कागद कुणाचा आणि कॉपीराइट कुणाचा. कागद तुमच्या ताब्यात आहे म्हणून त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट तुमचा आहे असं नाही, आणि उलटही.

ऑफिस एकट्याच्या नावावर असेल तर कागद वारसांकडे जातात. सगळे वारस. पुण्यातल्या मुलीने टेम्पो भरून दिला आणि न्यू जर्सीतल्या भावाला नंतर कळलं, असं झालं की संस्था अडचणीत येते, म्हणून चांगली संस्था सगळ्यांच्या सह्या मागते. सही मागितली म्हणून रागावू नका. भागीदारी असेल तर कागद फर्मचे आहेत आणि हयात भागीदाराच्या संमतीशिवाय ते हलवता येत नाहीत. वडील पीडब्ल्यूडीत किंवा सिडकोत नोकरीला असतील तर तिथल्या कामाचे मूळ नकाशे मुळात घरी यायलाच नको होते. ते सापडले तर त्या खात्याला कळवा.

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. नोकरीत असताना केलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. म्हणजे ड्राफ्ट्समनने काढलेल्या ट्रेसिंगचा कॉपीराइट ऑफिसचा. क्लायंटने फी दिली म्हणून नकाशांचा कॉपीराइट आपोआप त्याच्याकडे जात नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नेमणुकीच्या अटीही तो आर्किटेक्टकडेच ठेवतात. मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. इमारतीचे फोटो बाहेरच्या फोटोग्राफरने काढले असतील तर त्याच्याशी काय ठरलं होतं ते पत्र शोधा.

कोणत्या संस्था असे संग्रह घेतात?

भारतात निव्वळ वास्तुकलेचा संग्रह करणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यांतलं पहिलं दार अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या सेप्ट आर्काइव्ह्जचं. तिथे कामच वास्तुकलेच्या नोंदींचं चालतं, त्यामुळे ट्रेसिंग म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही.

नावाजलेल्या आर्किटेक्टांच्या नावाने असलेल्या संस्थांबद्दल मोठा गैरसमज आहे. अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनची सुरुवात दोशींनी केली, आणि पणजीत चार्ल्स कोरिया फाउंडेशन आहे. पण अशा संस्थांचं पहिलं कर्तव्य आपल्या संस्थापकाचं काम सांभाळणं हे असतं. दुसऱ्या कुणाचे तीनशे रोल त्यांनी घ्यावेत ही अपेक्षा रास्त नाही. मात्र सल्ला मागायला जरूर जा. कागद कसे सांभाळायचे हे त्यांनी प्रत्यक्ष केलेलं असतं.

सरकारी पुराभिलेखागारांकडे लोक सहसा जात नाहीत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, सुरुवात १८२१ ची. पुण्यातलं पेशवे दप्तर याच खात्याचं. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा इतिहास तर १५९५ पर्यंत मागे जातो. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी कागदपत्रंही स्वीकारतं. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तशी तरतूद आहे. ही दारं हळू उघडतात, पण सरकारी इमारती, नगररचना, धरणांच्या वसाहती असं काम ज्यांनी केलं त्यांच्यासाठी ती योग्य आहेत.

मग क्लायंटचे आर्काइव्ह. विक्रोळीचं गोदरेज आर्काइव्ह्ज, पुण्याचं टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज यांसारख्या संस्था आपापल्या उद्योगाचा इतिहास जपतात. तुमच्या ऑफिसने एखाद्या मोठ्या उद्योगासाठी वीस वर्षं काम केलं असेल तर त्या कामापुरत्या प्रती तिथे देता येतात. मूळ संग्रह मात्र फोडू नका.

राहिलं कॉलेज. ‘बाबा जेजेचे, तर जेजेलाच देऊ’ ही भावना स्वाभाविक आहे आणि पुष्कळदा बरोबरही असते. पण कोणत्याही कॉलेजला देण्याआधी चार गोष्टी विचारा. संग्रहासाठी पगारी माणूस आहे का? पूर्वी घेतलेल्या संग्रहाची यादी बघायला मिळेल का? कागद असलेल्या खोलीत ओल आणि तापमान मोजतं कोण? बाहेरच्या अभ्यासकाला कागद बघायचे असतील तर काय करावं लागतं? उत्साही प्राध्यापक रुजू असताना सगळं छान चालतं. ते निवृत्त झाले की रोल जिन्याखाली जातात. म्हणून माणसाच्या उत्साहापेक्षा पदाकडे बघा. आणि जी संस्था ‘आम्ही हे घेतो, ते घेत नाही’ असं स्पष्ट सांगते तिच्यावर, सगळं हसत घेणाऱ्या संस्थेपेक्षा, जास्त भरवसा ठेवा.

परदेशी संस्थेला दिलं तर चुकीचं होईल का?

यावर आपल्याकडे भावना लगेच उसळतात. कोरियांनी आपल्या हयातीत हजारो रेखाटनांचा संग्रह लंडनच्या रिबाला, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेला दिला आणि २०१३ साली तिथे त्यावर मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या इमारती इथे, कांचनजंगा मुंबईत, आयुका पुण्यात, कला अकादमी पणजीत, आणि रेखाटनं लंडनमध्ये. चंदिगढच्या आर्किटेक्टांचंही तसंच. पिएर जानरे यांचे कागद त्यांच्या पुतणीने माँट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरला दिले, आदित्य प्रकाश यांचा संग्रहही तिथेच आहे.

माझं मत असं की जिथे कागद नीट राहतील आणि कुणालाही बघता येतील ती जागा चांगली, मग ती कुठेही असो. पण त्याची किंमत मोजावी लागते ती नागपूरच्या विद्यार्थ्याला, ज्याला व्हिसा काढून तिकडे जाणं परवडणार नाही. म्हणून बाहेर द्यायचं असेल तर संपूर्ण डिजिटल प्रत भारतातल्या एका ठरावीक संस्थेत राहील आणि ती मोफत बघता येईल, ही अट करारात घाला. द्यायच्या आधी ती मान्य करून घेणं सोपं असतं, नंतर कुणी ऐकत नाही.

आणि एक कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलाकृती कायद्यानुसार ऐतिहासिक, शास्त्रीय, साहित्यिक किंवा कलात्मक मूल्य असलेला दस्तऐवज ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरतो, आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. वडिलांच्या संग्रहात आजोबांच्या काळातले नकाशे असतील तर ते सुटकेसमध्ये घालून नेणं हा गुन्हा ठरू शकतो. सन १९५० च्या आगेमागेचं काहीही असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.

पैसे मिळतील का?

भारतात बहुधा नाही. जगात अशी खरेदी होते. आयआयएम अहमदाबादचे अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान १७ मार्च १९७४ ला अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात वारले, तेव्हा त्यांचं ऑफिस कर्जात बुडालेलं होतं. कागद लिलावात विखुरले जाऊ नयेत म्हणून पेन्सिल्व्हेनिया राज्याने सरकारी पैशातून ते विकत घेतले, आणि आज ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आहेत. आयआयएमचं त्यांचं काम पुढे अनंत राजे यांनी नेलं, म्हणून ही गोष्ट इथे सांगावीशी वाटली. हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयाने २०१९ मध्ये आर्किग्राम या ब्रिटिश गटाचा संग्रह सुमारे १८ लाख पौंडांना घेतला. असे सौदे क्वचितच होतात.

करात सवलत मिळेल म्हणून देत असाल तर तसं नाही: ८०जी खाली वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही. उलट काही संस्था यादी करण्याच्या खर्चासाठी तुमच्याकडे थोडी रक्कम मागतात. मला ते योग्य वाटतं. तीनशे रोल उलगडून, पुसून, यादी करून ठेवायला एका माणसाचं वर्ष जातं. त्या रकमेवर वजावट मात्र मिळू शकते, संस्थेकडे प्रमाणपत्र असेल तर.

एखादा दलाल ‘चार चांगली स्केचेस द्या, बाकीचं तुम्हीच ठेवा’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चार स्केचेस गेली की उरलेल्याला संस्थाही हात लावत नाही.

संस्थेला पहिलं पत्र कसं लिहायचं?

एक पान पुरे. आर्किटेक्ट कोण, काम कोणत्या साली सुरू आणि कधी बंद, मुख्य इमारती कोणत्या, कागद आत्ता कुठे आहेत, केव्हापर्यंत हलवावे लागतील. ‘थोर’, ‘अद्वितीय’ वगैरे शब्द नकोत, संस्थेला त्यातून काहीच कळत नाही. सोबत यादी जोडा. यादीची एक ओळ साधारण अशी असावी:

‘कपाट ब-३, जॉब १४२, सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, १९७४–७७. ट्रेसिंग ३८, बटर पेपर ११, अमोनिया प्रिंटचे २ संच, पत्रव्यवहाराची १ फाइल, बांधकामाचे फोटो. दोन ट्रेसिंग कडेला फाटलेली, बाकी बरी.’

अशा शंभर ओळी झाल्या की संस्थेला जागा किती लागेल ते कळतं, आणि प्रत्यक्षात होकार-नकार त्यावरच ठरतो. दहा-बारा मोबाइल फोटोही पाठवा, चांगल्या ड्रॉइंगचे नव्हे तर कपाटांचे. बुरशी किंवा वाळवी असेल तर लपवू नका. एक किडकं खोकं आत गेलं तर तिथले बाकीचे संग्रह धोक्यात येतात, आणि असं एकदा झालं की ती संस्था तुमचा फोन उचलत नाही.

ट्रेसिंग, ब्लूप्रिंट, अमोनिया प्रिंट: सगळं एकत्र ठेवलं तर चालेल का?

नाही, आणि हे आजच करता येण्यासारखं काम आहे. अमोनिया प्रिंट, म्हणजे निळसर किंवा तपकिरी रेषांची प्रत, त्यातली रसायनं वर्षानुवर्षं सोडत राहते. तिला चिकटून ठेवलेला दुसरा कागद पिवळा पडतो, आणि ती स्वतः उजेडात फिकट होते. म्हणून तिचा गठ्ठा वेगळा करा, मात्र वेगळा करताना दोन्हीकडे जॉब नंबर लिहा.

खरी ब्लूप्रिंट, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची, जिला जुने लोक फेरो म्हणतात, तिचा निळा रंग क्षाराने उडतो. महागडा म्हणून विकला जाणारा ‘आर्काइव्हल’ कागद बऱ्याचदा क्षार मिसळलेला असतो, तो नेमका हिच्यासाठी वाईट. साधा, आम्ल किंवा क्षार नसलेला कागद मागा. ट्रेसिंग पेपर जुना झाला की कडक होतो आणि उलगडताना घडीवर तुटतो. जबरदस्तीने सपाट करू नका, इस्त्री तर नकोच. रोल ठेवायचाच असेल तर चार इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर बाहेरून गुंडाळा. नळीच्या आत कोंबला की बाहेर काढताना कडा फाटतात. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे कांजी लावलेलं कापड, त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही.

रबरबँड आणि गंजक्या टाचण्या काढा, पण सेलोटेप ओढून काढू नका. तो भाग कागद दुरुस्त करणाऱ्यावर सोडा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं. डांबरगोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही आणि वास मात्र वर्षानुवर्षं राहतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच येते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे तर काहीच न करण्यापेक्षा वाईट. हवा खेळती ठेवणारा साधा पंखा बरा.

मॉडेलांचं काय?

फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, मोजमापासाठी पट्टी शेजारी ठेवून. बाल्सा लाकूड आणि थर्माकोलची मॉडेलं संस्था क्वचितच घेतात. जागा फार लागते. सागवानी किंवा प्रदर्शनात मांडलेलं एखादं असेल तर यादीत वेगळं लिहा. फ्रँक लॉइड राइट यांच्या संग्रहात २०१२ साली मॉडेलं न्यूयॉर्कच्या मोमाकडे आणि कागद कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयाकडे गेले, पण ती वाटणी दोघांनी एकत्र बसून ठरवली होती.

सगळं स्कॅन केलं तर मूळ कागद टाकता येतील का?

नको. खोडलेल्या रेषेची खूण, ब्लेडने खरवडून काढलेली शाई, रोट्रिंग पेनच्या जाड-बारीक रेषा स्कॅनमध्ये अर्धवट येतात. शिवाय हिशेब करा: ए-झिरो आकाराचं एक ड्रॉइंग रंगीत, ३०० डीपीआयवर, टिफमध्ये साधारण ४०० एमबी होतं. अशी दोन हजार ड्रॉइंग म्हणजे ८०० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती, आणि दर काही वर्षांनी नवी हार्ड डिस्क. कागद कपाटात पन्नास वर्षं पडून राहतो. हार्ड डिस्ककडे कुणीतरी लक्ष द्यावंच लागतं. पैसे मोजकेच असतील तर बटर पेपर आणि रजिस्टर स्कॅन करा, बाकी नंतर.

फ्लॉपी, सीडी आणि ऑटोकॅडच्या फाइली कुणी घेतं का?

घेतात, पण उघडतात तेव्हाच. आपल्या दमट हवेत सीडीलाही बुरशी लागते, त्यामुळे आधी त्यांतलं सगळं एका डिस्कवर उतरवून घ्या. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल एकटी पुरत नाही: तिला जोडलेल्या दुसऱ्या फाइली, फॉन्ट आणि पेनसेटिंगची फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. सोबत पीडीएफही ठेवा, म्हणजे निदान दिसेल तरी. मराठी पत्रं आणि टेंडर श्रीलिपीत टाइप केलेली असतील तर फॉन्ट जपून ठेवा किंवा लगेच युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी पडद्यावर नुसती चिन्हं दिसतील. फोल्डरांची नावं बदलू नका. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ हा क्रमही कामाचा इतिहासच आहे.

दानपत्रात काय असायला हवं?

जंगम वस्तूंचं दान ताबा दिल्यानेही पूर्ण होतं, नोंदणी सक्तीची नाही. तरी लेखी करा. त्यात यादी जोडलेली असावी, आणि हे दान आहे की ठेव, ते स्पष्ट असावं. ठेव म्हणजे मालकी तुमचीच. बहुतेक संस्था ठेवीवर खर्च करायला नाखूश असतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

कॉपीराइटसाठी वेगळं कलम हवं. कायद्यात एक मेख आहे: हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर ते फक्त पाच वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून दोन्ही लिहा. कॉपीराइट स्वतःकडे ठेवून संस्थेला अभ्यासासाठी आणि प्रदर्शनासाठी वापराची परवानगी देणं हा मधला मार्ग मला बरा वाटतो. संस्थेने एखादी गोष्ट काढून टाकायचं ठरवलं तर आधी कुटुंबाला विचारायचं, आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाईल, ही दोन कलमं लोक विसरतात.

बँकेच्या तिजोरीचे नकाशे, कुणाच्या घराचे नकाशे: ते उघड करणं धोक्याचं नाही का?

आहे. बँका, तुरुंग, संरक्षण आणि अणुऊर्जा खात्याची कामं यादीत वेगळी काढा आणि संस्थेला आधीच सांगा. असे कागद ठरावीक वर्षं बंद ठेवता येतात. खाजगी बंगल्यांसाठी मालकाची परवानगी हा सोपा नियम. सोसायटीचं उलटं असतं: मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं आणि सोसायटीकडे आरसीसी ड्रॉइंग नसतात. त्यांना स्कॅन द्या, मूळ देऊ नका. एकदा कमिटीच्या कपाटात गेलेलं ट्रेसिंग पुढच्या निवडणुकीनंतर सापडत नाही.

कुणीच घ्यायला तयार नसेल तर?

नकार बहुतेक वेळा जागेमुळे येतो, दर्जामुळे नाही. मग संग्रह आवळा: रजिस्टर, बटर पेपर, प्रत्येक कामाचा एक पूर्ण संच आणि पत्रव्यवहार. तीनशे रोलांचे चाळीस झाले की होकार मिळण्याची शक्यता वाढते. शहरातलं सार्वजनिक वाचनालय, नगरपालिकेचं संग्रहालय, जिल्ह्यातलं इतिहास मंडळ यांनाही विचारा. गावातल्याच वीस इमारतींचे नकाशे त्यांना अहमदाबादपेक्षा जवळचे वाटतील. यादी मात्र दोन-तीन संस्थांकडे पाठवून ठेवा. कागद कुठे आहेत हे अभ्यासकाला कळलं तरी पुष्कळ काम होतं.

वडील हयात आहेत, पण विषय काढला की चिडतात. काय करावं?

‘कागद द्यायचे आहेत’ असं म्हणू नका. ‘या इमारतीचा जिना असा का?’ असं विचारा आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. एका बैठकीत एकच काम घ्या, समोर त्या कामाचा रोल उघडा. ठेकेदार कोण होता, कुठे भांडण झालं, सिमेंट मिळत नव्हतं तेव्हा काय केलं, हे फाइलीत नसतं. जुन्या ड्राफ्ट्समनला त्या दिवशी घरी बोलवा. साहेबांना जे आठवत नाही ते त्याला आठवतं, आणि साहेब चुकले तर तो सांगतोही. तीन-चार बैठकांनंतर वडील स्वतःच विचारतात की हे सगळं पुढे कोण बघणार. तेव्हा यादी पुढे करा आणि कोणत्या कपाटापासून सुरुवात करायची ते त्यांनाच ठरवू द्या.